ट्रकच्या केबिनमध्ये अ‍ॅम्प्लिफायर बसवताना : पहिल्यांदाच हे काम हाती घेणाऱ्यासाठी

गाडीत स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर बसवण्याविषयी जी माहिती सहज मिळते, ती बहुतेक वेळा डिकी असलेली मोटार डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. पुढे केबिन आणि मागे हौदा असलेल्या पिकअप ट्रकला मात्र डिकीच नसते. हौदा उघडा असतो. तिथे पाऊस, धूळ आणि सामानाचे धक्के यांपासून कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण फार काळ वाचत नाही. त्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला केबिनमध्येच जागा शोधावी लागते, आणि त्या केबिनमध्ये माणसे बसतात, आसनांची घडी होते, सीटबेल्टचे खिळवलेले बिंदू असतात, जॅक आणि पाने ठेवलेले असतात आणि पावसाळ्यात बुटांबरोबर पाणीही आत येते. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला वायरिंगची धास्ती वाटते, परंतु वायरिंगचे नियम थोडे आणि ठाम आहेत. खरा विचार लागतो तो अ‍ॅम्प्लिफायरची पेटी कुठे आणि कशी बसवायची हे ठरवताना, कारण उष्णता, हादरे, पाणी आणि प्रवाशांची सुरक्षितता हे चारही प्रश्न त्या एकाच निर्णयात गुंतलेले असतात. म्हणून या लेखात जागा आणि पकड यांना सर्वाधिक जागा दिली आहे.

सुरुवात व्होल्टेजपासून

कोणतीही वस्तू विकत घेण्यापूर्वी आपल्या ट्रकची विद्युतव्यवस्था किती व्होल्टची आहे याची खात्री करून घ्यावी. पिकअप आणि हलकी मालवाहू वाहने सामान्यतः १२ व्होल्टवर चालतात, तर अनेक अवजड ट्रकांमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. गाडीसाठी म्हणून विकले जाणारे जवळपास सगळे अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टच्या व्यवस्थेसाठी असतात आणि त्यांना थेट २४ व्होल्ट दिले तर ते निकामी होतात. अशा वेळी दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास एक बॅटरी सतत जास्त उतरते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि काही काळाने दोन्ही खराब होतात. योग्य मार्ग म्हणजे २४ व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा कन्व्हर्टर, आणि त्याची अँपिअरमधील क्षमता अ‍ॅम्प्लिफायरच्या गरजेपेक्षा सैल असली पाहिजे. ३० अँपिअरचा कन्व्हर्टर १२ व्होल्टला साधारण ३६० वॉट देऊ शकतो. त्यावर ५०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीने चालणार नाही, हे हिशेबातूनच दिसते.

अ‍ॅम्प्लिफायर तापतो म्हणजे नेमके काय होते

स्टिरिओकडून आलेला क्षीण संकेत बॅटरीच्या ऊर्जेच्या जोरावर मोठा करून स्पीकरला पुरवणे एवढेच अ‍ॅम्प्लिफायरचे काम आहे. बॅटरीकडून घेतलेली सगळी ऊर्जा मात्र स्पीकरपर्यंत पोहोचत नाही. उरलेली उष्णता होऊन पेटीच्या बाहेरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खाचेदार आवरणातून, म्हणजेच हिटसिंकमधून, हवेत जाते. जुन्या पद्धतीचे क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण ताकदीवर घेतलेल्या ऊर्जेपैकी सुमारे ५० ते ६५ टक्के स्पीकरला देतात, तर क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के किंवा त्याहून थोडे अधिक देतात. आकड्यांत पाहिले तर फरक ठसठशीत दिसतो. ५०० वॉट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद) देणारा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षमतेने चालला तर तो सुमारे ६२५ वॉट ओढतो आणि त्यातले १२५ वॉट उष्णतेत जातात. तेवढाच आवाज देणारा क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर ५५ टक्के कार्यक्षमतेने सुमारे ९०९ वॉट ओढतो आणि ४०० वॉटहून अधिक उष्णता केबिनमध्ये सोडतो. प्रत्यक्ष संगीतात आवाज सतत चढ-उतार करत असल्यामुळे सरासरी आकडे याहून बरेच कमी असतात, पण दोन्हींतील अंतर कायम राहते. जागा अरुंद असेल तर माझा कौल स्पष्टपणे क्लास डीच्या बाजूने आहे, आणि ट्रकच्या केबिनमध्ये जागा जवळपास नेहमीच अरुंद असते.

उन्हात उभ्या असलेल्या बंद केबिनमधील हवा ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. अशा हवेत गाडी सुरू करून आवाज मोठा केला की हिटसिंकला उष्णता टाकायला थंड हवाच मिळत नाही, आणि आतील संरक्षक यंत्रणा काही वेळाने अ‍ॅम्प्लिफायर बंद करते. थोडे गार झाल्यावर तो पुन्हा सुरू होतो आणि मालकाला वाटते की एखादी वायर सैल असावी. पुष्कळदा वायरिंगमध्ये काहीच दोष नसतो. पेटीभोवती हवा फिरायला वाव नसतो, एवढेच कारण असते. उत्पादक आपल्या पुस्तिकेत पेटीच्या चहूबाजूंनी किती अंतर मोकळे ठेवावे हे सांगतात. तो आकडा हाती नसेल तर बाजूंना किमान अडीच ते पाच सेंटीमीटर आणि हिटसिंकच्या समोर शक्य तेवढे अधिक अंतर ठेवावे. गरम हवा वर जाते, त्यामुळे पेटी उभ्या भिंतीवर बसवताना हिटसिंकच्या खाचा उभ्या राहतील अशी ती धरावी, म्हणजे खालून आलेली हवा खाचांमधून वर सरकते. एखाद्या फळीच्या खालच्या बाजूला पेटी उलटी टांगणे टाळावे, कारण मग हिटसिंक खाली आणि सर्किट वर अशी रचना होते आणि वर चढणारी उष्णता सर्किटकडेच येते.

केबिनमधील जागा, एकेक करून

पुढच्या आसनाखालची जागा सर्वात आधी डोळ्यांसमोर येते. तेथे स्टिरिओपासूनचे अंतर कमी असते आणि पेटी नजरेआड राहते. मात्र ही जागा दिसते तितकी रिकामी नसते. आसन पुढे-मागे सरकवणारे रूळ, काही गाड्यांत आसनाच्या मोटारी, प्रवासी बसला आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर आणि एअरबॅगच्या वायरी तिथेच असतात. एअरबॅगच्या जोडण्या ओळखू याव्यात म्हणून सहसा पिवळ्या रंगाच्या असतात. त्यांना हात लावू नये, त्यांच्यावरून नवी वायर ओढून नेऊ नये आणि त्यांना मल्टिमीटर लावून पाहण्याचा प्रयोगही करू नये. मागच्या प्रवाशांकडे हवा नेणारी नळीही बऱ्याचदा याच आसनाखाली उघडते, आणि हीटर सुरू असताना तिच्यातून येणारी गरम हवा थेट पेटीवर येते. जागेची उंची कमी असल्याने तिथे लहान आणि चपटी पेटीच बसते. ती बसवायची असेल तर गालिच्यावर नुसती ठेवू नये. गालिचा ओला झाला की पाणी पेटीच्या तळाशी साचते. पेटी दोन-तीन सेंटीमीटर उचलून धरणारी पट्टी खाली असावी. आसनाच्या मूळ बोल्टांखाली आपली पट्टी सरकवणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ते बोल्ट अपघातात माणसासह आसन जागेवर धरून ठेवण्यासाठी ठरावीक ताकदीने आवळलेले असतात आणि त्यांच्याखाली आलेली परकी पट्टी ती पकड बदलते.

मागच्या आसनाखालची जागा दुहेरी केबिनच्या ट्रकमध्ये सर्वाधिक वापरली जाते, आणि ते रास्तही आहे. ती रुंद असते, आसन उचलले की पेटीची बटणे हाताशी येतात आणि वायरी आणण्यासाठी दोन्ही दारांच्या उंबऱ्यांखालून वाट मिळते. तिचा दोष म्हणजे वरून फोमचे आसन झाकणासारखे बसते, त्यामुळे उष्णता कोंडते. आसनाच्या पुढच्या कडेला हवा आत-बाहेर जाईल एवढी फट राहते का, हे आधी पाहावे. राहत नसेल तर पेटीभोवतीची हवा एका बाजूने ओढून दुसऱ्या बाजूने टाकणारा १२ व्होल्टचा छोटा पंखा बसवावा. हा पंखा स्टिरिओच्या रिमोट वायरवरून थेट चालवू नये, कारण त्या वायरीला अ‍ॅम्प्लिफायर जागा करण्यापुरताच थोडा विद्युतप्रवाह देता येतो. रिमोट वायरीने रिले, म्हणजे थोड्या प्रवाहावर मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, चालवावा आणि रिलेने पंख्याला वीज द्यावी.

तिसरी जागा म्हणजे मागच्या आसनाच्या पाठीमागची केबिनची भिंत, आणि बहुतेक पिकअप ट्रकांसाठी मला हीच जागा सर्वात सोयीची वाटते. पेटी उभी बसते, हवा खालून वर जाते, पाण्यापासून ती उंचावर राहते आणि दोन किंवा तीन पेट्या शेजारी-शेजारी एकाच फळीवर मांडता येतात. पण या भिंतीवरही आधीपासून बरेच काही असते आणि ते समजून घेतल्याशिवाय फळीचे माप घेऊ नये. अनेक केबिनांच्या मागच्या भिंतीत हवा बाहेर सोडणाऱ्या रबरी झडपा असतात. दार जोरात लावले की आत दाबलेली हवा तिथून निसटते आणि पंख्याने आत घेतलेली हवाही तिथूनच बाहेर पडते. त्या झाकल्या गेल्या तर दारे नीट लागत नाहीत आणि काचांवर वाफ धरते. लहान मुलांच्या आसनाचा वरचा पट्टा अडकवण्याचे कडेही याच भागात असते. ते झाकू नये, त्याचा बोल्ट आपल्या कामासाठी वापरू नये आणि ते रिकामे दिसते म्हणून त्यात अर्थची, म्हणजे गाडीच्या धातूला जोडायची ऋण वायरही घट्ट करू नये. सीटबेल्टच्या बोल्टांनाही हाच नियम लागू आहे. मागच्या काचेच्या वर असलेल्या ब्रेकच्या दिव्याचे सील म्हातारे झाले की पावसाचे पाणी भिंतीच्या आतून खाली उतरते, म्हणून अस्तर काढल्यावर पत्र्यावर पाण्याच्या ओघळांच्या खुणा आहेत का ते पाहावे आणि असल्यास आधी गळती बंद करावी.

वूफरच्या, म्हणजे खर्जाच्या स्पीकरच्या, खोक्यावरच अ‍ॅम्प्लिफायर बसवण्याची पद्धत फार पसरलेली आहे, कारण त्यात गाडीला एकही भोक पाडावे लागत नाही. तरी ती मला पटत नाही. खोक्याची भिंत प्रत्येक ठोक्यासरशी थरथरते आणि ती थरथर पेटीतील जड कॉइल आणि मोठ्या कपॅसिटरांच्या डाखांवर येते. डाख एकदम तुटत नाहीत. हळूहळू त्यांना केसाएवढ्या चिरा पडतात आणि अ‍ॅम्प्लिफायर कधी चालतो, कधी चालत नाही असा होतो. शिवाय स्क्रूची भोके आरपार गेली तर बंद खोक्यातील हवा गळते आणि वूफरचा आवाज बिघडतो.

जागा ठरवण्यापूर्वी पेटीच्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा करावा. त्यात वायरी ज्या बाजूंनी आत येतात तिथे त्यांना वळायला लागणारी जागाही धरावी, कारण जाड वायर काटकोनात मुडपत नाही आणि तिला सात-आठ सेंटीमीटर सहज लागतात. हा साचा चिकटपट्टीने जागेवर लावून आसन पूर्ण मागे, पूर्ण पुढे, घडी केलेले आणि माणूस बसलेले अशा सगळ्या अवस्थांत तपासावे. जॅक आणि पाने बाहेर काढता येतात का, तेही त्याच वेळी पाहावे.

फळी आणि पकड

पेटी थेट केबिनच्या पत्र्यावर बसवण्यापेक्षा मध्ये एक फळी असावी, असा माझा आग्रह आहे. केबिनचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असू शकतो. त्यात मारलेला सेल्फ-टॅपिंग स्क्रू जेमतेम एखाद्या आट्यावर टिकून असतो आणि रोजच्या हादऱ्यांनी ते भोक मोठे होत जाते. फळी वापरली की पेटीचे स्क्रू लाकडात जातात आणि फळी गाडीला मोजक्या, भक्कम बिंदूंवर धरता येते. दुसरा फायदा विजेचा आहे. पेटीचे धातूचे आवरण गाडीच्या पत्र्याला टेकले तर कधीकधी अर्थसाठी नको असलेली दुसरी वाट तयार होते आणि स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते. लाकडाची फळी ही शक्यताच संपवते.

फळीसाठी १२ मिलिमीटर जाडीचा चांगला प्लायवूड पुरतो. एमडीएफ स्वस्त आणि गुळगुळीत असतो, पण ओल लागली की फुगतो आणि कडेजवळचा स्क्रू त्यात धरत नाही. प्लायवूडच्या कापलेल्या कडांना व्हार्निश किंवा रंगाचे दोन हात द्यावेत, कोपरे गोल करावेत आणि आसनाच्या पाठीला घासणार नाही अशा बेताने स्क्रूची डोकी आत बसवावीत. फळी गाडीला अडकवताना कारखान्यातूनच असलेली आट्याची भोके आधी शोधावीत. अस्तराखाली, जॅकच्या खाचेजवळ किंवा सामान बांधण्याच्या कड्यांपाशी अशी भोके बहुधा सापडतात आणि लोखंडी पट्टी किंवा अँगल वाकवून फळी त्यांच्यापर्यंत नेता येते. तशी सोय नसेल तर रिव्हेट-नट वापरावेत. हा नट पत्र्याच्या भोकात घालून दाबला की मागच्या बाजूने पसरतो आणि पातळ पत्र्यातही सहा मिलिमीटरच्या बोल्टसाठी पक्के आटे तयार होतात. सगळीकडे स्प्रिंग वायसर किंवा नायलॉनचे कडे असलेला नट घालावा आणि फळी व पत्रा यांच्यामध्ये रबराच्या चकत्या द्याव्यात.

एवढी मजबुती कशाला, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून सेकंदाच्या चौदाव्या हिश्शात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर गुरुत्वाच्या सुमारे २० पट बल येते. चार किलो वजनाची पेटी त्या क्षणी ८० किलोच्या ओझ्याइतक्या जोराने पुढे झेपावते, आणि पुढे माणसे असतात. मोटारीच्या डिकीत सुटलेली पेटी निदान आसनाच्या पाठीवर अडते; ट्रकच्या केबिनमध्ये मधला तो अडथळा कधी असतो, कधी नसतो. म्हणून चिकटपट्टी, प्लास्टिकची टाय किंवा हुक-अँड-लूप पट्टी यांच्यावर अ‍ॅम्प्लिफायर सोपवू नये.

भोक पाडावेच लागले तर त्या जागेच्या पलीकडे काय आहे ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय ड्रिल सुरू करू नये. अनेक पिकअपमध्ये इंधनाची टाकी चासीच्या एका बाजूने लांबट बसवलेली असते, आणि इंधनाच्या नळ्या, ब्रेकच्या नळ्या व वायरींचे जुडगे चासीला धरून मागे जातात. केबिनच्या तळाला आरपार भोक म्हणजे या सगळ्यांच्या दिशेने जाणारे ड्रिल. गाडीखाली उतरून, दिवा धरून, माप घेऊन खात्री करावी आणि ड्रिलच्या पात्यावर गरजेपेक्षा जास्त आत जाऊ न देणारी रोधक कडी चढवावी. भोकाच्या कडा कानशीने घासून त्यांना गंजरोधक रंग लावावा. या सगळ्या काळात अ‍ॅम्प्लिफायर खोक्यातच बंद असावा. ड्रिलचा धातूचा कीस त्याच्या फटींतून आत गेला तर पहिल्याच दिवशी शॉर्ट होऊ शकतो.

वीज : वायर, फ्यूज आणि अर्थ

काम सुरू करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे आणि शेवटी जोडावे. बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणाऱ्या धन वायरीला बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. हा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायरसाठी नसून वायरीसाठी असतो. अपघातात किंवा कुठे घासून वायरीचे आवरण फाटले आणि ती पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर सोडते आणि वायर पेटते. फ्यूज बॅटरीच्या जेवढा जवळ, तेवढा वायरीचा असुरक्षित तुकडा लहान. फ्यूजचा आकडा वायरीच्या वहनक्षमतेपेक्षा जास्त कधीही नसावा. एका जाड वायरीवरून दोन अ‍ॅम्प्लिफायरसाठी दोन बारीक फाटे काढले असतील, तर प्रत्येक फाट्याला त्याच्या जाडीनुसार वेगळा फ्यूज लागतो.

वायर किती जाड असावी हे विद्युतप्रवाह आणि लांबी यांवर ठरते. वर उल्लेखलेला ५०० वॉटचा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर गाडी सुरू असतानाच्या १३.८ व्होल्टला कमाल सुमारे ४५ अँपिअर ओढतो. हिशेबासाठी ५० अँपिअर आणि पाच मीटर लांबी धरली, तर ४ गेजच्या, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ०.२ व्होल्ट गळतात. ८ गेजच्या, म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत अर्धा व्होल्ट. गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड, हे लक्षात ठेवावे. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर दिसायला तांब्यासारखी असते आणि पुष्कळ तयार संचांत तीच येते. ती तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांशच वहन करते, त्यामुळे ती वापरायची तर किमान एक पायरी जाड घ्यावी. इंजिनाच्या बाजूने केबिनमध्ये येताना वायर पत्र्यातून जिथे जाते तिथे भोकाच्या कडेला बसणारे रबरी कडे (ग्रोमेट) हवेच, आणि इंजिनाच्या भागात तिच्यावर नळीदार आवरण घालून सायलेन्सरची नळी, पेडल आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यापासून तिला दूर बांधावे.

अर्थ हा ट्रकमधील विशेष लक्ष देण्याचा विषय आहे. मोटारींमध्ये बहुधा सगळा सांगाडा एकसंध जोडलेला असतो, म्हणून पत्र्याला कुठेही अर्थ दिला तरी बॅटरीपर्यंत वाट चांगली मिळते. बऱ्याच ट्रकांमध्ये मात्र चासी वेगळी असते आणि केबिन तिच्यावर रबरी गाद्यांवर बसवलेली असते. रबरातून वीज जात नाही. केबिन आणि चासी यांना जोडते ती एक विणलेली पट्टी किंवा वायर, आणि ती दिवे व वायपर यांच्या हिशेबाने दिलेली असते. केबिनच्या मागच्या भिंतीला दिलेला अर्थ दिसायला स्वच्छ असला तरी सगळा विद्युतप्रवाह त्या एका पट्टीतून परततो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर असेल तर केबिन ते चासी आणि चासी ते बॅटरी अशा दोन्ही जोडण्यांना धन वायरीच्या जाडीची एकेक वायर जोडीला द्यावी, किंवा बॅटरीच्या बाजूपासून स्वतंत्र ऋण वायर आणावी. नव्या गाड्यांमध्ये बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा छोटा सेन्सर असतो. त्या गाडीत आपली ऋण वायर थेट टोकावर न जोडता सेन्सरच्या पलीकडे, चासीच्या बाजूला जोडावी. नाहीतर खर्च झालेली वीज गाडीच्या संगणकाला दिसत नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. काही पिकअपची केबिन अ‍ॅल्युमिनियमची असते. फोर्ड एफ-१५० हा त्यातला ठळक दाखला आहे. २०१५ च्या मॉडेलपासून तिची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची झाली. अशा पत्र्यात लोखंडी स्क्रू मारून अर्थ दिला तर दोन धातूंच्या संयोगाने तिथे गंज धरतो, म्हणून कारखान्याने दिलेले अर्थचे बोल्ट वापरणेच बरे.

अर्थच्या जागेचा रंग पॉलिश पेपरने पूर्ण घासून चकचकीत धातू उघडा करावा, टोकाला दाबून बसवलेल्या थिंबलसह (धातूच्या कडीसह) वायर बोल्टने आवळावी आणि वरून गंजरोधक थर द्यावा. अ‍ॅम्प्लिफायरपासून पत्र्यापर्यंतची ही वायर अर्धा मीटरपेक्षा लांब नसावी आणि धन वायरीएवढीच जाड असावी. काम चांगले झाले की नाही हे मल्टिमीटर सांगतो. इंजिन चालू ठेवून, आवाज मोठा करून, मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा आणि एक टोक अ‍ॅम्प्लिफायरच्या ऋण स्क्रूला, दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावावे. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंतचे वाचन उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या वर गेले तर परतीच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी स्पीकरमधून येत असेल, तर महागडे फिल्टर आणण्यापूर्वी हेच मोजमाप करावे.

संकेताच्या वायरी आणि आवाजाची मर्यादा

स्टिरिओकडून येणाऱ्या आरसीए, म्हणजे क्षीण संकेत वाहणाऱ्या, वायरी धन वायरीच्या विरुद्ध बाजूने आणाव्यात आणि कुठे ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. कंपनीच्या मूळ स्टिरिओला आरसीएची सोय नसेल तर स्पीकरच्याच वायरींवरून संकेत घेणारा अ‍ॅम्प्लिफायर निवडावा. स्पीकर जोडताना ओहमचा, म्हणजे विद्युतरोधाचा, हिशेब चुकवू नये : चार ओहमचे दोन वूफर समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला दोन ओहम दिसतात, आणि पुस्तिकेत दिलेल्या किमान ओहमच्या खाली गेल्यास तो तापून बंद पडतो.

गेनचे बटण हे आवाजाचे बटण नाही. स्टिरिओच्या बाहेर येणाऱ्या व्होल्टेजशी अ‍ॅम्प्लिफायरची जुळणी करणे हे त्याचे काम आहे, आणि ते शेवटपर्यंत फिरवले की लहरींचे माथे कापले जाऊन स्पीकर जळतात. जुळणी आकड्याने करता येते. हवी असलेली वॉटची संख्या आणि स्पीकरचे ओहम यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढले की अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकांवर हवे असलेले एसी व्होल्ट मिळतात. चार ओहमवर १०० वॉटसाठी ते २० येतात. स्पीकर सोडवून, स्टिरिओचा आवाज सुमारे तीन-चतुर्थांशावर ठेवून, वूफरसाठी ५० हर्ट्‌झचा एकसुरी स्वर वाजवावा आणि मीटरवर तेवढे व्होल्ट येईपर्यंतच गेन वाढवावा. दारांतील स्पीकरना ८० हर्ट्‌झच्या खालचे स्वर न पाठवणे आणि वूफरला त्याच्या वरचे न पाठवणे ही फिल्टरची सुरुवातीची सोयीस्कर मांडणी आहे.

पहिल्यांदा सुरू करताना आणि नंतर

मुख्य फ्यूज न घालता सगळ्या जोडण्या पुन्हा पाहाव्यात, धन टोक पत्र्याला कुठे टेकत नाही ना हे मीटरने तपासावे आणि मगच फ्यूज घालावा. पेटीवरचा दिवा लागल्यावर अर्धा तास मध्यम आवाजात वाजवून हिटसिंकला हात लावून पाहावा. गरम लागणे अपेक्षित आहे. हात ठेवताच मागे घ्यावा लागला तर हवेची वाट अपुरी आहे, आणि आसन परत बसवण्यापूर्वी ती वाढवावी.

अनेक तारांच्या जाड वायरी स्क्रूखाली दाबल्या की काही दिवसांत त्यांच्या तारा बसतात आणि स्क्रू आपोआप सैल होतो. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांनंतर, विशेषतः खराब रस्त्यांवर गाडी चालली असेल तर, फ्यूज काढून सगळे स्क्रू, अर्थचा बोल्ट आणि फळीचे बोल्ट पुन्हा आवळावेत. त्याच वेळी आसनाखालून हात फिरवून कुठे ओल आहे का, आसनाच्या रुळांनी कुठल्या वायरीवर चरा पाडला आहे का आणि हिटसिंकच्या खाचांत धूळ किती साठली आहे, हेही पाहून घ्यावे. ही धूळ वर्षातून दोनदा मऊ ब्रशने काढावी, आणि मालवाहतुकीचा ट्रक असेल तर त्याहून अधिक वेळा.